शिलावर्तुळे, विदर्भातील
शिलावर्तुळे, विदर्भातील : मोठ्या शिळा वर्तुळाकार रचून सिद्ध केलेली प्राचीन दफनस्थाने. नागपूर परिसरातील जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड व भागीमोहारी येथील शिलावर्तुळे प्रसिद्ध आहेत. एकट्या जुनापाणी येथे सु. ३०० वर्तुळांची नोंद झाली आहे.

महापाषाण ही संज्ञा रचनेची निदर्शक आहे, काळाची नव्हे. आयर्लंडमधील न्यूग्रेंज येथील महापाषाणीय थडगे नवाश्मयुगीन असून ते इ. स. पू. सु. ३२०० मधील आहे. जे. एच. रिव्हेट-कारनॅक यांनी १८७९ मध्ये जुनापाणी येथील शिळांवरील वाटीसारख्या खळग्यांची तुलना ब्रिटनमधील तशाच खुणांशी केली होती. परंतु अशा बाह्य साम्यावरून समकालीनत्व सिद्ध होत नाही. कालनिर्णय होतो, तो वर्तुळाच्या आत पुरलेल्या वस्तूंवरून.

परिघावरील शिळांच्या आत माती व गोटे यांची भर घातलेली असे आणि तीखाली मृताच्या अस्थी व त्याच्या वस्तू ठेवीत. बी. के. थापर यांनी जुनापाणी येथे १९६१-६२ मध्ये, तर शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा (१९६८-६९) व माहूरझरी (१९७०–७२) येथे उत्खनने केली. त्यांत काळी-तांबडी मृत्पात्रे, तांब्याच्या वस्तू आणि मुख्यतः लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या व खंजीर मिळाले. माहूरझरी येथे घोड्यांच्या अस्थी, लोखंडी लगामकड्या व घोड्याच्या मुखावरील तांब्याचे अलंकार आढळले. नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडल्याने हा धातू स्थानिक रीत्या तयार होत असल्याचे स्पष्ट झाले. त्यामुळे ही वर्तुळे नवाश्मयुगीन नसून लोहयुगीन, म्हणजे इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील ठरतात.

पश्चिम महाराष्ट्रातील त्यापूर्वीची जोर्वे संस्कृती याला पुष्टी देते. नेवासे व इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन लोक मृतांना प्रायः राहत्या घराच्या जमिनीखाली पुरीत. मुलांसाठी मातीचे कुंभ वापरीत. त्यांच्या दफनांवर भव्य शिळा नाहीत. म्हणजे येथे शिळांची भव्यता प्राचीनतेची खूण नव्हे.

यामुळेच या स्थळांच्या रक्षणाला महत्त्व आहे. अशास्त्रीय रीतीने उकरलेल्या वर्तुळाच्या शिळा कदाचित शिल्लक राहतील; मात्र त्यांचा काळ सांगणारा पुरावा कायमचा नष्ट होतो.