धान्याचें पेव

अमुक एका गोष्टीचें पेव फुटलें, असें आपण शहरांत सहज बोलून जातों. पण प्रत्यक्ष पेव पाहिलेला मनुष्य आतां विरळाच. परभणी जिल्ह्यासारख्या ज्वारीच्या मुलखांत एके काळीं हें पेव म्हणजे पुढील वर्षाचा भरंवसा होता. त्याच्या इतिहासाकडे श्रोत्यांचें थोडें लक्ष वेधावें, असा माझा मानस आहे.

गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन ज्वारीला मानवते, पण पेवाला ती उपयोगाची नाहीं. पावसाळ्यांत ती ओल धरते व उन्हाळ्यांत भेगाळते. म्हणून पेव खणावयाचें तें उंचवट्यावर, पांढरीच्या किंवा मुरमाड मातींत. तोंड अरुंद, पोट विस्तृत. तळाशीं व कडेनें कडब्याचा आणि भुशाचा थर, मध्यें धान्य, आणि तोंडावर दगड ठेवून मातीचें लिंपण. आंत कोंडलेलें धान्य श्वसन करतें; त्यामुळें प्राणवायु सरतो, कर्बवायु सांचतो आणि कीड गुदमरून मरते. याच कारणानें नुकत्याच उघडलेल्या पेवांत उतरणें जिवावर बेततें. जाणतीं माणसें तें कांहीं वेळ उघडें ठेवीत, आणि आधीं पेटता दिवा आंत सोडून पाहत. दिवा विझला तर कोणीं उतरावयाचें नाहीं. घरांतील कणगी व बळद रोजच्या खर्चासाठीं. पेव पुढच्या अवर्षणासाठीं. वरची जमीन सारखी केली कीं उंदराला वास लागत नसे, आणि पेंढाऱ्यांसारख्या लुटारूंना खूण सांपडत नसे.

अन्नाचा वास बाहेर जाऊं न देणें किती मोलाचें आहे, तें एका दूरच्या उदाहरणानें ध्यानांत येईल. अमेरिकेंतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अस्वलांना खरकटें घालून तो तमाशा प्रवाशांना दाखवीत. १९४० च्या सुमारास तो बंद पडला, पण जडलेली चटक सुटली नाहीं. पुढें अस्वलें उभ्या मोटारींचीं दारें उचकटून आंतील खाद्यपदार्थ खाऊं लागलीं. १९९८ या एका वर्षांत तेथें अस्वलांच्या उपद्रवाचे दीड हजारांहून अधिक प्रसंग नोंदले गेले, आणि अशा धीट झालेल्या कित्येक जनावरांना अखेर मारावें लागलें. प्रवाशांच्या तळांवर पोलादी पेट्या बसवून अन्न त्यांतच ठेवण्याची सक्ती झाली, तेव्हां हा उपद्रव पुष्कळच कमी झाला. मराठवाड्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यांत, ज्ञानगंगा अभयारण्यांत, अस्वलें नांदतात. तेव्हां हा धडा आपणांसही परका नाहीं. अन्न नीट झांकलें म्हणजे मनुष्य वांचतो आणि जनावरही वांचतें.

पण झांकलेलें धान्य वेळेवर उघडलेंही पाहिजे. १८९९-१९०० च्या दुष्काळानें मराठवाडा होरपळला. परभणी जिल्हा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. १९०१ च्या शिरगणतींत तेथील लोकसंख्या दहा वर्षांपूर्वींपेक्षां घटलेली आढळली. ज्याच्याजवळ पेव नव्हतें, त्याला दुसऱ्याच्या पेवाचा काय उपयोग? त्याच सुमारास गोदावरीच्या खोऱ्यांतून आगगाडी धांवूं लागली. तिच्यावाटे परमुलखांतील धान्य येऊं लागलें, तसें येथील जाऊंही लागलें. कापसाचा रोकड पैका हातीं खेळूं लागला, आणि पेव भरण्याची चाल हळूहळू मागें पडली. पुढें १९७२ सालीं मोठें अवर्षण पडलें. त्याच वर्षीं, १८ मे रोजीं, परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें. आतां पेवाच्या जागीं पत्र्याच्या कोठ्या व सिमेंटचीं गुदामें आलीं आहेत.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत बादशाही कोठारें भुकेल्यांना खुलीं केलीं, ही कथा महाराष्ट्र शतकानुशतकें सांगत आला आहे. धान्य सांठविण्याच्या कौशल्याची ती कथा नव्हे. कुलूप काढणाऱ्या हाताची ती आहे. पेव बंद करण्याची विद्या आपल्या शेतकऱ्यानें उत्तम साधली होती. तें केव्हां व कोणासाठीं उघडावें, हा प्रश्न मात्र धन्याच्या विवेकावर राहिला. आणि आजच्या गुदामाच्या किल्ल्या ज्यांच्या हातीं आहेत, त्यांनाही तो चुकलेला नाहीं.