चौदाव्या वर्षाचं शरीर

कल्याणच्या जुन्या वाड्यांत दुपारची झाकपाक झाली की बायका तांदूळ निवडायला ओटीवर बसत. आमच्या आजीच्या तोंडी मग हटकून डॉक्टर आनंदीबाई जोशींची, म्हणजे माहेरच्या यमूची, गोष्ट येई. तिने ती तिच्या सासूकडून ऐकलेली. "आपल्या कल्याणच्या जोशांची यमू. अभ्यास सोडून चुलीपाशी दिसली म्हणून नवऱ्याने काठीने झोडपली. पोटुशी होती तरी. म्हणून तर शिकली हो, साता समुद्रापलीकडे जाऊन डॉक्टर झाली!" बायका माना डोलवत. मार आणि डॉक्टरकी आजीच्या हिशेबात एकमेकांना जोडलेली होती. तिचं दहा दिवसांत गेलेलं मूल मात्र त्या हिशेबात कुठेच येत नसे.

आनंदीबाईंनी हा हिशेब स्वतः वेगळा मांडून ठेवला आहे. अमेरिकेतून नवऱ्याला, गोपाळरावांना, लिहिलेल्या एका पत्रात त्या सगळं ओळीने सांगतात : दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या-पुस्तकं आणि सोडून जाण्याच्या धमक्या, चौदाव्या वर्षी आणखी निराळ्या शिक्षा. वयाला, शरीराला आणि मनाला हे झेपणारं नव्हतं, असं त्यांनी लिहिलं. हिंदू बाईला नवऱ्यापुढे गप्प राहण्याचाच काय तो हक्क, हेही लिहिलं. आणि चौदावं वर्ष हे त्यांच्या बाळंतपणाचं वय. शिक्षा सोसणारं शरीर आणि मूल वाढवणारं शरीर एकच होतं. दहा दिवसांत बाळ गेलं. वेळेवर उपचार मिळाले असते तर ते जगलं असतं, हे दुःख घेऊन त्या वैद्यकाकडे वळल्या.

बंगालमध्ये असतानाच डोकेदुखी, ताप आणि अशक्तपणाने त्यांना गाठलं होतं. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्या गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिना उरला होता. क्षय माराने होत नाही आणि त्या काळी तो घराघरांत होता. पण लहान वयातलं बाळंतपण, मार आणि धाक यांनी त्या शरीराची शक्ती किती खर्ची पडली असेल, हा प्रश्न आमच्या ओटीवर कधी कोणी विचारला नाही.

आजीच्या गोष्टींत दुसऱ्याही बायका असत. त्यांची नावं ती दबक्या आवाजात घेई. एक आत्याबाई होत्या, त्यांची तीन पोटं पडली. दर वेळी त्या सांगत, न्हाणीत पाय घसरला. घरचे म्हणत, हिच्या कुशीतच दोष. एका जावेला पान्हाच फुटेना. तिला म्हणत, दृष्ट लागली. कोणाची कंबर कायमची धरलेली, कोणाला रात्र रात्र झोप नाही, कोणाच्या छातीत पाऊल वाजलं की धडधड.

आजच्या वैद्यकाला यातलं पुष्कळ ओळखीचं वाटेल. गरोदरपणी पोटावर मार बसला तर वार अवेळी सुटू शकते, रक्तस्राव होतो, मूल दगावतं. सततच्या भीतीने दूध उतरायला अडथळा येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार जोडीदाराची हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांमध्ये नैराश्य जवळपास दुप्पट आढळतं, गर्भपात करवून घेण्याचं प्रमाण दुपटीहून अधिक असतं आणि कमी वजनाचं मूल जन्मण्याची शक्यता १६ टक्क्यांनी वाढते.

हे आकडे नव्हते तेव्हाही एका बाईला सारं कळत होतं. ती सुईण. बाळंतिणीचं अंग रगडताना पाठीवरचे वळ तिला दिसत. घरात तोंड उघडण्याची तिची प्राज्ञा नव्हती. पण आजी सांगे, अशा वेळी सुईण सासूला बजावी, "हिच्या अंगात वारा शिरलाय. सव्वा महिन्यात परत आणलीत तर हाती लागायची नाही. पाच महिने माहेरी राहू दे." वाऱ्याचं निमित्त करून तिने कित्येकींना पाच महिन्यांचा श्वास मिळवून दिला.

पुढे आमचं बिऱ्हाड डोंबिवलीच्या चाळीत आलं. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येई आणि नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये, हा चाळीचा नियम होता. कायदा मात्र बदलत गेला. १९८३ साली विवाहितेच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम आलं. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला; पीडित बाईला उपचार देणं त्याने दवाखान्यांवर बंधनकारक केलं. त्याआधीच, २००० साली, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र उभं केलं. 'पडले' असं सांगणाऱ्या बाईला तिथे आडोशाला नेऊन, नवरा-सासू जवळ नसताना, विचारलं जातं. सुईण आडून जे करी, ते तिथे उघडपणे होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी साधारण चौघींत एकीने नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. ठाण्याचं सिव्हिल, कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, इथल्या गरोदर बायकांच्या रांगांतही त्या चौथ्या उभ्या असणारच. रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहतो तसंच, घरी भीती वाटते का, हेही प्रत्येकीला एकांतात विचारायला हवं. उत्तर द्यायला ती आज तयार नसेल तर पुढच्या तपासणीला पुन्हा विचारावं. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, हे तिला तोंडपाठ व्हावं.

आणि आनंदीबाईंची गोष्ट आपण नातींना जरूर सांगावी, फक्त आजीचं ते 'म्हणून तर' गाळून. मारामुळे ती डॉक्टर झाली नाही. मार खाऊन, मूल गमावून, खंगत्या शरीराने ती डॉक्टर झाली. त्या शरीराला सुख मिळालं असतं तर कदाचित ती बाळंतिणींना तपासायला पुढची चाळीस वर्षं असती.