विजोड

बैलजोडी निवडताना शेतकरी आधी उंची बघतो. एक बैल उंच आणि दुसरा बुटका असला की जू कलतं, नांगर तासात राहत नाही आणि संध्याकाळी एकाची मान सुजलेली असते. अशा जोडीला आपण विजोड म्हणतो, आणि न जुळणाऱ्या नवराबायकोलाही तोच शब्द लावतो. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायात जुवाची उपमा आहे. तिथे मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी हाच शब्द वापरला. विश्वास ठेवणाऱ्याने न ठेवणाऱ्याशी स्वतःला जोडून घेऊ नये, असा त्या वचनाचा आशय. त्यामागे मोशेच्या नियमशास्त्रातला आणखी जुना दंडक आहे: बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नयेत.

अमेरिकेत आणि कॅनडात वाढलेल्या ख्रिस्ती प्रेमकादंबरीची कुळकथा मला या एका वचनापासून सुरू होताना दिसते. नायिका लक्षाधीशाची मुलगी असेल, नायक खिसा रिकामा असलेला मिशनरी असेल. ती शहरातली, तो रानातला. भाषा, पैसा, घराणं या सगळ्या भिंती इथे ओलांडता येतात. एकच ओलांडता येत नाही, ती आधी पाडावी लागते. म्हणून या कादंबऱ्यांत नेहमी दोन कथा असतात, एक त्या दोघांची आणि एक माणसाची व देवाची. दुसरी पुरी झाल्याशिवाय पहिलीला शेवट मिळत नाही.

त्याच बायबलात रूथही आहे. मवाबी विधवा, परक्या देशाची. मवाब्यांना इस्राएलच्या मंडळीत जागा नाही, असं नियमशास्त्र सांगतं. तरी ती सासूबरोबर बेथलेहेमला येते, बवाजाच्या शेतात सरवा वेचते, त्याची बायको होते आणि दावीद राजाची पणजी ठरते. या कादंबरीप्रकाराच्या मी दोन आया मानतो, पौलाचं वचन आणि रूथचं पुस्तक. एक अडवते, दुसरी वाट काढून देते. पण वाट काढतानाही क्रम सुटत नाही. रूथ आधी नामीचा देव आपला मानते, बवाज नंतर भेटतो.

हा क्रम मराठी वाचकाला नवा नाही. १८५७ साली बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं. नवऱ्यासोबत फिरताना यमुना विधवांचे हाल बघते, पुढे स्वतःच विधवा होते, ख्रिस्ती होते आणि मग एका ख्रिस्ती तरुणाशी पुनर्विवाह करते. पुस्तक सुधारणेचं आहे, प्रेमकथेचं नाही. तरी आधी श्रद्धा आणि मग लग्न, हा शिरस्ता त्यातही आहे.

अमेरिकेत या प्रकाराला घाट दिला तो ग्रेस लिव्हिंगस्टन हिल यांनी. जन्म १८६५, वडील प्रेसबिटेरियन पाळक, मावशी इझाबेला आल्डेन त्या काळची गाजलेली लेखिका. फ्लोरिडाहून शटॉक्वाच्या उन्हाळी मेळाव्याला जायला पैसे हवेत म्हणून ग्रेसने पहिलं पुस्तक लिहिलं, १८८७ साली. पुढे गरज खरीखुरी झाली. १८९९ मध्ये नवरा अपेंडिसायटिसने गेला आणि पदरात दोन लहान मुली होत्या. घर चालवायला ती लिहीत राहिली, शंभराहून जास्त पुस्तकं. सुरुवातीला प्रकाशक त्यातला देवाधर्माचा भाग कापून टाकत. पुस्तकं खपतात हे दिसल्यावर त्यांनी तो तसाच ठेवायला सुरुवात केली. पोटासाठी लिहिणाऱ्या बाईने आपली श्रद्धा अशी इंचाइंचाने छापून आणली, याचा मला मनापासून आदर वाटतो.

तिची १९१४ ची ‘द मॅन ऑफ द डेझर्ट’ घ्या. हेझल रॅडक्लिफ वडिलांच्या खासगी आगगाडीतून ॲरिझोनात आलेली श्रीमंत मुलगी. घोडं उधळतं, ती वाळवंटात हरवते आणि तिथला मिशनरी जॉन ब्राउनली तिला सुखरूप परत आणतो. तो प्रेमाची कबुली देतो, पण लग्नाची मागणी घालत नाही. आपल्या झोपडीतलं जगणं तिच्यावर लादायचा त्याला हक्क वाटत नाही. मग हेझल शहरात परतून परिचारिकेचं शिक्षण घेते आणि स्वतःला घडवून परत वाळवंटात येते. जू सारखं करायचं ते असं. श्रीमंत बाजूने खाली उतरायचं, आणि उतरण्यालाच वर चढणं मानायचं. हेझलची मेहनत मला खरी वाटते. खटकतं ते दुसरंच. ज्या मूळ रहिवाशांसाठी ब्राउनली तिथे राहतो, ते या प्रेमकथेच्या कडेलाच उभे राहतात.

यानंतर १९६७ ची ‘क्रिस्टी’. कॅथरीन मार्शल यांनी ती आपल्या आईच्या आठवणींवरून लिहिली. आई लिओनोरा १९०९ मध्ये पूर्व टेनेसीच्या डोंगरी वस्तीत शिकवायला गेली होती. प्रत्यक्षात तिने तिथल्या पाळकाशीच लग्न केलं. कादंबरीतल्या क्रिस्टीचं मन मात्र श्रद्धा न मानणाऱ्या डॉक्टरकडे ओढलं जातं. ती विषमज्वराने मरणाच्या दारात असताना तो डॉक्टर देवाला हाक मारतो, आणि तिथेच पुस्तक संपतं. त्याच वर्षी, १२ जून १९६७ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावर बंदी घालणारे राज्यांचे कायदे रद्द केले. वर्णाची ती भिंत ओलांडायला या कादंबऱ्यांना पुढे फार वर्षं लागली.

आज ज्याला स्वतंत्र प्रकार म्हणतात त्याची जन्मतारीख बहुतेक जण १९७९ धरतात. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या माळरानावर वाढलेल्या जॅनेट ओक यांची पहिली कादंबरी ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ मिनेसोटाच्या बेथनी हाउसने काढली. तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. पश्चिमेकडे जाताना मार्टीचा नवरा अपघातात जातो. त्याला पुरलं त्याच दिवशी क्लार्क नावाचा विधुर तिच्यापुढे येतो: माझ्या लहानग्या मुलीला आई हवी, तुला हिवाळ्यापुरतं छप्पर हवं. वसंतात पूर्वेकडे परतावंसं वाटलं तर भाडं मी भरीन, फक्त मुलीला सोबत ने. लग्न नावापुरतं. तो रोज सकाळी प्रार्थना करतो, ती ऐकते. भाकऱ्या करपतात, धुणं साचतं, मूल आजारी पडतं. कादंबरीचा बराचसा भाग हाच आहे, आणि मला तोच सगळ्यात आवडतो. क्लार्क तिला ओढत नाही. वसंत येतो, गाड्यांचा तांडा निघतो आणि ती जात नाही.

हे वाचताना मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात विजोड झाला. पुढची काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याजवळ आल्या तरी सोवळं सोडलं नाही. जात माणसांनीच केली आहे, हे त्यांना स्वतः विचार करूनच पटलं. मग कोणाच्याही हातचं खायला त्यांनी सुरुवात केली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना बाजू बदलणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू येतो. कादंबऱ्यांत तो क्वचित ऐकू येतो.

ओक यांच्या पुस्तकांच्या दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या आणि मागोमाग सगळे धावले. १९९७ मध्ये हार्लेक्विनसारख्या मोठ्या कंपनीने खास ख्रिस्ती प्रेमकथांची मालिका काढली. त्याच वर्षी बेव्हर्ली लुइस यांची ‘द शनिंग’ आली. पेनसिल्व्हेनियाच्या आमिश समाजात वाळीत टाकल्या जाणाऱ्या मुलीची ही गोष्ट. बीज लुइस यांच्या घरातलंच होतं. त्यांच्या आजीने बायबल कॉलेजात शिकणाऱ्या एकाशी लग्न करायला आपला जुन्या वळणाचा मेनोनाइट समाज सोडला होता. या एका पुस्तकातून आमिश प्रेमकथांची लाटच उसळली.

आणि मग २०२१. अमेरिकेतल्या प्रेमकथालेखकांच्या संघटनेने जुलैच्या अखेरीस ‘ॲट लव्हज कमांड’ या कादंबरीला पुरस्कार दिला. प्रकाशक तेच, बेथनी हाउस. नायक घोडदळातला माजी अधिकारी. २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी इथे लाकोटा लोकांचं हत्याकांड झालं, त्यात तो सामील होता. ती आठवण त्याला छळते, तो पश्चात्ताप करतो, देव क्षमा करतो आणि प्रेम मिळतं. पुरस्कारावर संताप उसळला आणि काही दिवसांतच तो मागे घेतला गेला. क्षमेवर श्रद्धा असलेला वाचक म्हणून मी या वादाचा पुष्कळ विचार केला. पश्चात्ताप खोटा आहे, असं माझं म्हणणं नाही. पण त्याने जिला जिंकायचं आहे ती टेक्सासच्या गोऱ्या पशुपालकाची डॉक्टर मुलगी आहे. जू दोघांच्या खांद्यावर अगदी सारखं बसतं. वूंडेड नीच्या ओढ्याच्या दुसऱ्या काठावर कोणी गेलेलंच नाही.