मूत्रांतील पहिली साक्ष

इ. स. १८९८ या एकाच वर्षीं दोन वैद्यांनीं एकाच व्याधीचें वर्णन स्वतंत्रपणें प्रसिद्ध केलें. जर्मनींतील डॉर्टमुंड शहरीं योहान फाब्री यांनीं १३ वर्षांच्या मुलाच्या अंगावरील तांबडे-काळसर ठिपके पाहिले. लंडन येथें विल्यम अँडरसन यांच्याकडे ३९ वर्षांचा तसाच रोगी आला. फाब्रींनीं हा त्वचेचा विकार मानला. अँडरसन यांस मात्र रोग्याच्या मूत्रांत अल्ब्युमिन आढळलें, आणि हा रोग कातडीपुरताच नसावा अशी शंका त्यांनीं नोंदविली.

रोगास पुढें रूढ झालें तें फाब्रींचें नांव. खरी ठरली ती अँडरसन यांची शंका. १९४७ सालीं नेदर्लंड्समधील पोम्पेन व त्यांच्या सहकाऱ्यांस मृत रोग्यांच्या रक्तवाहिन्यांत सर्वत्र कांहीं द्रव्य साठल्याच्या खुणा दिसल्या. तें द्रव्य शर्करायुक्त स्निग्ध पदार्थ होय, असें १९६३ मध्यें स्वीली व क्लिऑन्स्की यांनीं दाखविलें. आणि तो पदार्थ फोडणारें एन्झाइमच रोग्यांत उणें असतें, हें १९६७ मध्यें ब्रेडी प्रभृतींनीं सिद्ध केलें. हा दोष आनुवंशिक आहे. पित्याकडून तो प्रत्येक कन्येकडे जातो, पुत्राकडे जात नाहीं. मातेकडून मात्र दोघांकडेहि जाऊं शकतो.

या संचयाचा मोठा आघात मूत्रपिंडावर होतो. तेथील गाळणीस वेढून धरणाऱ्या पोडोसाइट नांवाच्या पेशी त्या द्रव्यानें फुगतात, सुटतात आणि मूत्रावाटे वाहून जातात. गेलेल्या पेशींची भरपाई फारशी होत नाहीं. अशा मूत्रांतील स्निग्ध कण ध्रुवित प्रकाशांत सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले असतां त्यांवर माल्टाच्या क्रुसासारखी आकृति उमटते. चोवीस तासांच्या मूत्रांत ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्ब्युमिन आढळणें, ही नेहमींच्या तपासणींतील धोक्याची सूचना होय. परंतु अल्ब्युमिन प्रमाणांत असतांनाहि मूत्रपिंडाच्या तुकड्यांत इजा झालेली दिसून आली आहे. म्हणूनच संशोधकांचें लक्ष आतां मूत्रांत गळणाऱ्या पोडोसाइट पेशींकडे वळलें आहे.

हा केवळ विद्वानांचा खल नव्हे. २००१ पासून युरोपांत उणें असलेलें एन्झाइम शिरेवाटे देण्याचा उपचार उपलब्ध झाला. तो नव्या संचयास आळा घालतो. मूत्रपिंडांत एकदां पडलेले व्रण मात्र पुसूं शकत नाहीं. त्यामुळें रोग्याचें भवितव्य पुष्कळसें एकाच गोष्टीवर अवलंबून राहतें: मूत्रानें दिलेली साक्ष किती लवकर ऐकली गेली.