मेघगर्जनेचा देव हास्यास्पद होतो तेव्हां

वीरपुरुषाला विनोदाचा विषय केलें कीं त्याचें तेज उणें होतें, असा पुष्कळांचा समज असतो. २०१७ सालीं आलेल्या 'थॉर : रॅग्नारॉक' या बोलपटानें त्या समजाला धक्का दिला. इतिहास चाळला तर त्या समजाला पूर्वीहि आधार नव्हता, असेंच आढळतें.

थॉर हा उत्तर युरोपांतील प्राचीन नॉर्स लोकांचा मेघगर्जनेचा देव. अमेरिकेंतील मार्व्हल या प्रकाशनसंस्थेनें १९६२ सालीं त्याला चित्रकथेंत आणलें. २०११ व २०१३ सालच्या बोलपटांत तो राजपुत्राच्या गंभीर थाटानें वावरला. तिसऱ्या बोलपटाचीं सूत्रें न्यूझीलंडचे तैका वैतीती यांच्याकडे आलीं. त्यांनीं आरंभींच नायकाला साखळदंडानें टांगला. शत्रूचें भीषण भाषण रंगांत येत असतां बिचारा गिरकी घेऊन पाठमोरा होतो! पुढें त्याचा हातोडा मोडतो, लांब केस कापले जातात आणि परग्रहावरील आखाड्यांत त्याला दास म्हणून झुंजावें लागतें.

हा केवळ आधुनिकांचा चावटपणा काय? मुळींच नाहीं. आइसलंडमधील तेराव्या शतकांतल्या एका हस्तलिखितांत अशी कथा आहे: थ्रिम नांवाचा राक्षस थॉरचा हातोडा चोरतो आणि फ्रेया देवीशीं लग्न लावून द्या, म्हणून अडून बसतो. ती संतापून नकार देते, तेव्हां थॉरलाच वधूवेष देऊन पाठवितात. ही लाजरी नवरी एक सबंध बैल व आठ सामन मासे फस्त करते. थक्क झालेल्या वराला करवली बनलेला लोकी सांगतो, कीं आपल्या भेटीच्या ओढीनें तिनें आठ रात्री अन्नाला स्पर्श केला नव्हता! शेवटीं विधीसाठीं हातोडा तिच्या मांडीवर ठेवतात, आणि हास्याची जागा संहार घेतो. स्नॉरी स्टर्लुसन याच्या १२२० च्या सुमाराच्या ग्रंथांत तर या वीराला एक मांजर उचलतां येत नाहीं आणि एक म्हातारी त्याला गुडघ्यावर आणते. मागाहून कळतें, कीं तें मांजर म्हणजे पृथ्वीला वेढणारा सर्प, आणि ती म्हातारी म्हणजे साक्षात् जरा.

या कथांत थॉर हास्यास्पद होतो, क्षुद्र होत नाहीं. बोलपटांतहि हेंच घडतें. हंसतां हंसतां प्रेक्षकाला एक कटु सत्य दिसतें: राजवाड्याच्या छतावरील शांततेचीं चित्रें हेला पाडते, आणि खालून रक्तरंजित दिग्विजयाचीं जुनीं चित्रें निघतात. असगार्डचें सुवर्णवैभव लुटीचें होतें! वैतीती हे पितृपक्षानें माओरी. ज्यांच्या पूर्वजांची भूमि परकीय वसाहतींखालीं गेली, त्या समाजांतील दिग्दर्शकानें हा प्रवेश रंगवावा, याला निश्चित अर्थ आहे.

अखेरीस प्रजा वाचविण्यासाठीं थॉर आपलें नगर भस्मसात् होऊं देतो. राज्य म्हणजे भिंती नव्हेत, माणसें होत, हें त्याला उमगलेलें असतें. हातोडा, केस, एक डोळा आणि प्रतिष्ठा गमावून ज्यानें स्वतःचें हंसें सोसलें, त्यालाच सिंहासनाचा मोह सोडतां आला. पहिल्या बोलपटांतील मानी राजपुत्राला हें साधलें असतें कीं नाहीं, याचा विचार आपणच करावा.