आंत्रजंतू व अन्नशोषण

आंत्रजंतू व अन्नशोषण : अन्नमार्गात कायम वस्ती करून राहणारे सूक्ष्मजंतू पाचक एंझाइमांच्या क्रियेवर व पोषक द्रव्यांच्या शोषणावर जो परिणाम घडवितात, त्याच्या अभ्यासाचा इतिहास. खाल्लेले सर्वच अन्न अंगी लागत नाही, हे प्राचीन काळापासून माहीत आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधराव्या अध्यायात अग्नीचे अधिष्ठान मानलेल्या ग्रहणीच्या विकारांचे विवेचन आढळते. या विकारांतील जंतूंचा वाटा मात्र विसाव्या शतकात उलगडला. त्याला कारणीभूत झालेल्या संशोधनाचे काही आरंभीचे दुवे मुंबईत सापडतात.

मुंबईतील संशोधन : जुनाट अतिसार, जिभेचा दाह, रक्तक्षय व कृशता ही संग्रहणीची लक्षणे विल्यम हिलरी यांनी १७५९ मध्ये बार्बेडोस बेटावर नोंदविली होती. ऑस्ट्रेलियन वैद्य नील हॅमिल्टन फेअर्ली (१८९१–१९६६) १९२२ मध्ये मुंबईस आले. परळच्या प्रयोगशाळेत (१९२५ पासून हाफकिन संस्था) त्यांनी या रोगाचा अभ्यास केला. त्यांना स्वतःलाही तो जडला व मायदेशाऐवजी उपचारासाठी इंग्लंड गाठावे लागले. १९२८ मध्ये आलेल्या ल्यूसी विल्स (१८८८–१९६४) यांनी मुंबईतील गरीब गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा शोध घेतला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक अम्ल, हे पुढे स्पष्ट झाले.

संग्रहणीच्या रोग्यांना फॉलिक अम्ल दिल्यावर रक्त सुधारे. परंतु जुन्या रोग्यांची आतडी पूर्ववत होतच असे नाही. तेव्हा दोष केवळ आहारातील उणिवेचा नसावा, असे दिसू लागले. १९५० नंतरच्या दशकात प्रतिजैव औषधांनी अनेक रोगी सुधारले आणि संशय जंतूंवर गेला. १९७० च्या सुमारास कलकत्त्यातील तपासण्यांत रोग्यांच्या लहान आतड्यात जंतूंची अवाजवी वाढ आढळली. तमिळनाडूतील वेल्लोर येथे सेल्विन बेकर व व्ही. आय. मथन यांनी खेड्यांत साथीच्या रूपाने पसरणाऱ्या संग्रहणीचा अभ्यास केला.

क्रिया : निरोगी माणसाच्या लहान आतड्याच्या वरच्या भागात दर मिलिलिटर द्रवात सामान्यतः हजार-दहा हजारांपेक्षा अधिक जंतू नसतात, मोठ्या आतड्यात मात्र दर ग्रॅमला सुमारे शंभर अब्ज असतात. लहान आतड्याच्या अस्तरावरील रसांकुरांच्या पेशींवर लॅक्टेज, सुक्रेज, माल्टेज इ. एंझाइमे असतात. जंतुविरहित अवस्थेत वाढविलेल्या उंदरांत शर्करांचे विघटन करणारी ही एंझाइमे अधिक प्रमाणात आढळतात. जंतूंची प्रथिनभंजक एंझाइमे ती पेशींच्या पृष्ठभागावरून सुटी करतात, हे १९७८ मध्ये कॅनडातील संशोधकांनी दाखविले. शिवाय फाजील वाढलेले जंतू पित्त लवणांचे विघटन करतात, त्यामुळे स्निग्ध पदार्थांचे शोषण घटते; ते ब१२ जीवनसत्त्वही बळकावतात. अतिसारानंतर काही काळ दूध पचत नाही, ते प्रामुख्याने अस्तराला इजा होऊन लॅक्टेज कमी झाल्यामुळे.

जंतूंची दुसरी बाजू उपकारक आहे. निरोगी दक्षिण भारतीयांच्या लहान आतड्यातील काही जंतू ब१२ तयार करू शकतात, असे वेल्लोरच्या संशोधकांनी १९८० मध्ये दाखविले. ज्या वनस्पतिज शर्करांवर मानवी एंझाइमे चालत नाहीत, त्यांच्यावर मोठ्या आतड्यातील जंतूंची एंझाइमे चालतात व त्यातून निर्माण झालेली वसाम्ले शरीरास ऊर्जा पुरवितात. तात्पर्य, जंतू कोणते, किती व आतड्याच्या कोणत्या भागात आहेत, यावर लाभ-हानी ठरते.

यवतमाळ जिल्हा व आहार : या ज्ञानाचे महत्त्व यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या संदर्भात विशेष जाणवते. ज्वारीची भाकरी व तुरीचे वरण हा येथील पारंपरिक आहार. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक राज्याचे मुख्यमंत्री असताना (१९६३–७५) संकरित ज्वारीचा मोठा प्रसार झाला आणि धान्योत्पादनावर भर देण्यात आला. परंतु पिकलेले धान्य ताटात आले, तरी ते अंगी लागणे हा वेगळा प्रश्न आहे. ज्वारीतील मुख्य प्रथिन शिजविल्यावर पचण्यास अधिक अवघड होते; तिच्या न पचलेल्या पिष्टाचा काही भाग मोठ्या आतड्यातील जंतूंच्या उपयोगी पडतो. केळापूर, मारेगाव व झरी जामणी या तालुक्यांतील कोलामांच्या पाड्यांसारख्या दुर्गम वस्त्यांत जेथे पाणी दूषित असते, तेथे वारंवार होणाऱ्या हगवणीने मुलांच्या आतड्याचे अस्तर झिजते. अशा मुलास पुरेसे अन्न दिले, तरी त्याचा पूर्ण लाभ होत नाही. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून मिळणाऱ्या पूरक आहारालाही ही मर्यादा पडते.

यावर केवळ शौचालये व पाण्याचे किरकोळ शुद्धीकरण पुरेसे नाही, हे बांगलादेश, केन्या व झिंबाब्वे येथील २०१८-१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांतून दिसले. तेथे मुलांची उंची अशा उपायांनी वाढली नाही. उपयुक्त जंतूंच्या वाढीस पोषक असा आहार देण्याचे प्रयोग बांगलादेशात झाले असून २०२१ मध्ये त्यांचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या आहारात हरभरा, शेंगदाणा व केळे ही महाराष्ट्रात घरोघरी मिळणारी द्रव्ये होती.