अंगणातला काळा लेप : दोन डांबरांची गोष्ट

अमेरिकेच्या उपनगरांत उन्हाळ्यातल्या एखाद्या कोरड्या शनिवारी एक घरगुती विधी पार पडतो. रस्त्यापासून गॅरेजपर्यंत जाणारा घरासमोरचा डांबरी मार्ग, म्हणजे ड्राइव्हवे, घरमालक स्वतःच दुरुस्त करतो. भेगांतले गवत उपटायचे, माती झाडायची, तेलाचे डाग घासून काढायचे, भेगा बुजवायच्या. मग 5 गॅलनच्या बादलीतला काळा द्राव ओतून रबरी पट्टी लावलेल्या लांब दांड्याने तो सारखा पसरायचा. एक-दोन दिवस मोटार बाहेर उभी राहते आणि जुना करडा मार्ग पुन्हा काळाभोर दिसू लागतो. या लेपाला सीलकोट म्हणतात. बादलीत नेमके काय आहे, हे कित्येक दशके फारसे कोणी विचारले नाही.

मराठीत त्या काळ्या पदार्थाला एकच शब्द आहे : डांबर. इतिहासात मात्र डांबरे दोन आहेत, आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

पहिले डांबर भूगर्भातले, म्हणजे बिटुमेन. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाच्या विटांमधून पाणी झिरपू नये म्हणून त्याचा थर दिलेला आढळतो. 1595 मध्ये सर वॉल्टर रॅले त्रिनिदाद बेटावर उतरला, तेव्हा तिथल्या डांबराच्या नैसर्गिक तलावातला माल काढून त्याने आपल्या जहाजांच्या फटी बुजवल्या. बेल्जियममधून अमेरिकेत गेलेल्या एडमंड डी स्मेट या रसायनज्ञाने 1870 मध्ये न्यू जर्सीतील न्यूअर्क शहरात डांबरी रस्ता घातला. अमेरिकेतला तो पहिला मानला जातो. आज हे डांबर खनिज तेल शुद्ध केल्यावर तळाशी उरते आणि खडी बांधून ठेवण्याचे काम करते.

दुसरे डांबर दगडी कोळशाचे. कोळसा बंद भट्टीत तापवला की वायू निघतो, कोक उरतो आणि एक चिकट, उग्र वासाचा द्राव गोळा होतो. एकोणिसाव्या शतकात शहरोशहरी गॅसचे दिवे आले, तसे हे डांबर गॅस कारखान्यांच्या अंगणात साठू लागले. कपाटात कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवण्याच्या डांबरगोळ्या हे त्याचेच अपत्य. त्यांतले नॅफ्थलीन प्रथम कोळशाच्या डांबरातूनच वेगळे केले गेले. रस्त्यावरही ते गेलेच. मोनॅकोत मोटारींनी उडवलेल्या धुळीने लोक हैराण झाले होते. डच ईस्ट इंडीजमध्ये वैद्यकी केलेल्या एर्नेस्ट गुलिएल्मिनेत्ती या स्विस डॉक्टराने 1902 मध्ये तिथल्या रस्त्यावर गरम डांबर पसरून दाखवले. धूळ बसली, आणि डॉक्टरांना ‘डॉक्टर गुद्राँ’, म्हणजे डॉक्टर डांबर, असे टोपणनाव कायमचे चिकटले.

या द्रावाचा दुसरा चेहरा त्याआधीच दिसू लागला होता. 1775 मध्ये लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचे कारण काजळीत असल्याचे मांडले. 1915 मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने कोळशाचे डांबर चोळून कर्करोग घडवून दाखवला. दोषी संयुगांच्या कुळाला पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन, थोडक्यात पीएएच, असे नाव आहे.

मग असा पदार्थ घराच्या दारात आला कसा? उत्तर साध्या रसायनात आहे. तेलापासून बनलेले डांबर तेलातच विरघळते. मोटारीतून पेट्रोल वा ऑइल ठिबकले की रस्ता मऊ पडतो. उन्हाने व हवेने ते ठिसूळ होते, भेगांत पाणी शिरते आणि थंड प्रदेशात त्या पाण्याचे बर्फ होऊन भेग रुंदावते. कोळशाच्या डांबरावर पेट्रोलचा तितका परिणाम होत नाही. म्हणून पाणी आणि चिकणमातीत घोटलेल्या त्याच्या लेपाला गिऱ्हाईक मिळाले. अशा सीलकोटमध्ये कोळशाच्या डांबराचे प्रमाण साधारण 20 ते 35 टक्के असे. अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागात हाच लेप अधिक चाले, तर पश्चिमेत खनिज तेलाच्या डांबराचा. शेजारी ठेवल्यास दोन्ही सारखेच काळे. पीएएचच्या प्रमाणात मात्र सुमारे हजार पटींचा फरक.

टेक्सासमधील ऑस्टिन शहराला हा फरक ओढ्यातल्या गाळाने दाखवला. कारखान्यांचा मागमूस नसलेल्या छोट्या ओढ्यांच्या गाळात पीएएच भरपूर सापडू लागले. शहराच्या कर्मचाऱ्यांचे लक्ष वाहनतळांवरून झिजून वाहत येणाऱ्या काळ्या कपच्यांकडे गेले. शहराने आणि अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने वाहनतळांवर पाणी फवारले आणि वाहून आलेले कण तपासले. 2005 मध्ये बार्बरा मालर, पीटर व्हॅन मीटर आणि सहकाऱ्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : कोळशाच्या डांबराचा लेप असलेल्या तळांवरच्या कणांत पीएएचचे प्रमाण लेप नसलेल्या तळांच्या 65 पट होते. हा लेप टिकण्यासाठी नसतोच, तो झिजतो आणि काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. मग झिजलेले जाते कुठे, हे इतकी वर्षे कोणालाच खटकू नये, याचेच नवल वाटते.

1 जानेवारी 2006 पासून ऑस्टिनमध्ये या लेपावर बंदी आली. असा नियम करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. उत्पादकांच्या संघटनेने संशोधनावर आक्षेप घेतले आणि वाद बराच काळ चालला. तोवर प्रश्न ओढ्यातून घरात शिरला होता. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑस्टिनच्या 23 सदनिकांमधली धूळ तपासली गेली. ज्यांच्या वाहनतळावर कोळशाच्या डांबराचा लेप होता, त्या घरांच्या धुळीत पीएएच 25 पट निघाले. बुटांच्या तळव्यांना चिकटून ते आत येत होते, आणि रांगणारी मुले त्याच जमिनीवर हात टेकून तेच हात तोंडात घालत होती.

2011 मध्ये वॉशिंग्टन हे अशी बंदी घालणारे पहिले राज्य ठरले, पुढे मिनेसोटानेही तोच मार्ग धरला. होम डेपो व लोज या मोठ्या दुकानसाखळ्यांनी घरगुती गिऱ्हाइकासाठीच्या या बादल्या आपणहून मांडणीवरून काढल्या. ऑस्टिनच्या संशोधकांनी लेडी बर्ड तलावाच्या तळात नळ्या खुपसून गाळाचे उभे नमुने काढले. त्यांत सर्वांत वरचा थर सर्वांत ताजा. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार बंदीनंतर साचलेल्या थरांतले पीएएचचे प्रमाण निम्म्याहून खाली आले होते. त्याच्या खालचा, 2006 पूर्वीचा गाळ तलावाच्या तळाशी अजून तसाच पडून आहे.